शालनच्या कोऱ्या कुप्या

शालन गेल्याचा फोन नेसरीहून तिच्या धाकट्या भावानं, बाळूनं केला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होतो. माणूस गेल्यावर पहिलं काय आठवावं हे आपल्या हातात नसतं. मला तिचा उजवा अंगठा आठवला...

कोल्हापुरात आम्ही दोघं शेजारच्या टेबलांवर एकाच प्रश्नामागे होतो. पृथ्वीवर जीव नव्हता, तेव्हा निर्जीव रसायनांतून त्याची सामग्री तयार झाली कशी? शालन साध्या रसायनांचं पाणी कुपीत तापवून सुकवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा सुकवायची आणि त्यात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, सापडतात का ते बघायची. तिच्या घरी म्हशी. दूध ओतल्यावर काठावरचा ओघळ अंगठ्यानं निपटून आत सोडायचा, ही लहानपणची सवय. कुप्यांनाही ती तेच करायची. हातमोज्यांत तिला सुधरायचं नाही.

पहिल्या आठवड्यातच मी ते पाहिलं होतं. घामात अमिनो आम्लं असतात, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. तिनं एकदा विचारलंही, "बघ की, कुठं चुकतंय का माजं?"

"न्हाय. झकास चाललंय," मी म्हणालो.

कायमची जागा एकच निघणार होती आणि ती मला हवी होती. दुसरं काही कारण नव्हतं.

दोन वर्षांनी तिनं भरल्या सभागृहात निकाल मांडले. मी उठून विचारलं, मोजे घातले होतेस का? ती नाही म्हणाली. मग मी सांगितलं, की बाई, ही पृथ्वीची करामत नाही, तुझ्या घामाची आहे. लोक हसले, मीही हसलो. जागा मला मिळाली.

शालन तात्पुरत्या नेमणुकीवर राहिली आणि मोजे घालून सगळं पहिल्यापासून करू लागली. दुखणं अंगावर काढत केलं तिनं. एकाही कुपीत काही सापडलं नाही. प्रत्येकीवर तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कोरी'.

दिवसकार्याला गेलो तर बाळूनं मला मानानं आत नेऊन पानावर बसवलं. म्हणाला, "ताई म्हणायची, बाकीची समदी त्वांडावर ग्वाड बोलली. तुमी एकट्यानं खरं सांगितलंसा. पेपरात लिवा की सर तिच्यावर."

मी मान हलवली आणि ताटातलं सगळं संपवलं.

तिचं टेबल रिकामं करायचं आहे. शिपाई कुप्या धुवायला न्यायला आला तर मी त्याच्यावर खेकसलो. एखादीत तरी काही निघावं, म्हणून गेल्या आठवड्यात मी त्या सगळ्या पुन्हा तपासल्या. सगळ्या कोऱ्याच आहेत... काम तिनं अगदी चोख केलं होतं.