खानावळीच्या दारातली पोर

इल्देफोन्सो तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा आणि मी ती छापायचो. सगळ्या माद्रिदमध्ये त्याच्याइतका खडूस माणूस नसेल. "पत्र्याला जरा जपून हात लाव, गाढवा, पीठ मळतोयस का?" असं रोज एकदा तरी सुनावायचा.

पवनचक्क्यांशी लढणाऱ्या त्या खुळ्या सरदाराची कादंबरी चित्रांसकट छापायची ठरली, तेव्हा एका चित्रातली खानावळीच्या दारात हसत उभी असलेली पोर त्याने आपल्या लेकीवरून, कासिल्दावरून कोरली. ती सोळा वर्षांची होती. चित्र बघून म्हणाली, "बाबा, नाक केवढं काढलंत! आता माझ्याशी लग्न कोण करील?" त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली. पहिला छाप त्याने तिच्या छातीवर ठेवला आणि तिच्याबरोबरच पुरला.

पुस्तक मात्र धो धो खपलं. तांबं मऊ असतं. शाई पुसणाऱ्या तळव्याने, यंत्राच्या दाबाने रोज थोडं झिजतं. आधी बारीक रेघा जातात, आणि गालाच्या रेघा सगळ्यात बारीक. सहा वर्षांत मीच, माझ्या या हातांनी, तिचा चेहरा पुसट केला. इल्देफोन्सो दर शनिवारी यायचा, पत्रा उजेडात धरायचा, परत जागेवर ठेवायचा आणि निघून जायचा. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी आमचे मालक डॉन मेलितोन त्याला म्हणाले, "उस्ताद, त्या पोरीचं पार भूत झालंय. रेघा पुन्हा खोल करून द्या, नाहीतर मी दुसऱ्याकडून करून घेतो."

"दुसऱ्याचा हात तिच्या तोंडाला लागू देणार नाही," तो म्हणाला.

जुनी प्रत समोर असती तर निभावलं असतं. पण सुरुवातीच्या सगळ्या प्रती बड्या घरांत गेलेल्या, तिथं आम्हाला दारात कोण उभं करणार? तीन आठवडे तो त्याच पत्र्यावर, पुसट रेघांवरूनच, आठवून आठवून कोरत बसला.

नवा छाप मी त्याच्यापुढे धरला. पोर लख्ख दिसत होती, देखणी होती. मालक खूश झाले. इल्देफोन्सोने छाप उजेडात नेला.

"ही ती नाही रे," तो म्हणाला. "हसू चुकलं."

"पुन्हा कोरा की, उस्ताद."

"कशावरून कोरू? पुसट होती, पण तीच होती. तेवढीही मी खरवडून टाकली."

तो तिथंच पायरीवर बसून रडला. मालकांना संध्याकाळपर्यंत दोनशे छाप हवे होते. मी पत्र्याला शाई लावली आणि चाक फिरवलं.