विश्वनाथच्या विहिरी

आमच्या एम.एस्सी.च्या ग्रुपवर वाढदिवसांच्या खालोखाल काय येत असेल, तर विश्वनाथचे किस्से. आम्ही सगळे पर्यावरणशास्त्र शिकून बँकेत, शाळेत, विम्यात लागलो. हा एकटाच विद्यापीठाच्या धाराशिवच्या उपकेंद्रात पीएच.डी. करत राहिला. विषय होता भूम तालुक्यातल्या विहिरींचं पाणी. दर महिन्याच्या पाच तारखेला विहिरींत दोरी सोडायची आणि पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं. किस्से साचणारच!

*

पहिल्याच दिवशी हा एका विहिरीवर ओणवा झाला होता. मागून कुणीतरी कॉलर धरून खसकन ओढलं. शेताच्या मालकीण, गोदाबाई.

"नापास झालास म्हणून जीव देतो व्हय रं?"

यानं अर्धा तास संशोधन समजावलं. बाईंनी चहा पाजला, पण दोरी काही हातात दिली नाही. पहिलं माप त्यांनीच घेतलं.

*

लग्न जमवताना मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? याचे वडील सरळ माणूस, म्हणाले, "हिरी मोजतो." सासरेबुवांनी जरा विचार केला. "सरकारी हाय का?"

मुहूर्त निघाला नेमका पाच तारखेचा. अक्षता पडल्या आणि पठ्ठ्या मुंडावळ्यांसकट मोटारसायकलवरून विहिरींवर. मागं नवरी! त्या महिन्याची मापं वहीत तिच्या अक्षरात आहेत, आणि तेवढीच नीट वाचता येतात.

*

मध्यंतरी माजी विद्यार्थी मेळाव्याला उपकेंद्रात गेलो. आमची पत्र्याची लॅब जाऊन तिथं काचेची इमारत आलीय. गेटवर वॉचमन. मी ऐटीत सांगितलं, माजी विद्यार्थी. तो म्हणाला, "शिकून झालं न्हवं? मग आता काय काम?"

तेवढ्यात विश्वनाथ आला आणि त्याला मात्र सलाम. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

*

परवा त्याची तोंडी परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही बसावं. मागच्या रांगांत आम्ही आणि सगळे विहिरीवाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेख पाहिले आणि एकच धोशा लावला, या सगळ्याचा उपयोग काय? विश्वनाथ आधी इंग्रजीत अडखळला, मग मराठीतही. त्याचे गाइड देशमाने सर घाम पुसायला लागले. इतकी वर्षं घातली आणि आता इथं अडकतोय की काय!

शेवटी रिवाजाप्रमाणं सरांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय? तिथं कधीच कुणी काही विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष जेवणाकडं असतं. गोदाबाई उठल्या.

"माझी हीर उन्हाळ्यात आटती. पोरं म्हणत्यात बोअर घ्या. मशीनवाला उद्या येणार हाय. घ्यावी का न्हाय?"

विश्वनाथनं स्क्रीनकडं पाठ फिरवली.

"नका घेऊ, मावशी. शेजारच्यांनी बोअर घेतली, त्याच वर्षापासून तुमची हीर लवकर आटाय लागली. खाली पाणी एकच हाय. तुम्ही घेतली की खालच्या तीन हिरी जातील, मग तुमची बोअर बी. त्यापेक्षा वढ्यावरच्या बंधाऱ्यातला गाळ काढा."

परीक्षक विश्वनाथकडं बघत होते.

गोदाबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, तिथंच उभ्या उभ्या मशीनवाल्याला लावला आणि म्हणाल्या, "उद्या येऊ नगं."