कबरीच्या पोटातला पुरावा

"किल्ली एकच आहे, आई," वहिनी म्हणाली.

"लोक दुसरी करून घेतात," आत्या म्हणाली आणि खुराड्याचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

माझी आत्या बायकांचे कपडे शिवते. चाळीस वर्षं तेच मशीन, मागच्या खोलीत, खिडकीला चिकटून. खिडकीखाली जाळीचं खुराडं, त्यात सहा कोंबड्या. थंडीत गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबत, आत्याच्या नाही. "माझ्या हाताला गुण आहे," असं ती शेजारणींना ऐकवायची, तेही अंड्यांची टोपली त्यांच्या नाकाखालून नेत.

या वर्षी थंडीच्या तोंडावर रोजच्या सहा अंड्यांची चार झाली, चाराचं एक, आणि गेले तीन आठवडे टोपली रिकामी. तशी आत्याही रिकामीच होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दम दिला होता, दिवेलागणीनंतर मशीनला हात लावायचा नाही. संध्याकाळ झाली की ती नुसती बसायची आणि डोक्यात चक्र सुरू.

"खुडूक झाल्या असतील," वहिनीनं सुचवून पाहिलं होतं.

"सहाच्या सहा? मीटिंग घेऊन ठरवलं का त्यांनी?"

घरात आत्या, तिची सून म्हणजे माझी वहिनी, आणि काही दिवसांपुरती आलेली मी. आत्याचा मुलगा, माझा दादा, कामासाठी बाहेरगावी. वहिनी सगळ्यांत आधी उठून कामाला निघायची, आणि तिची वाट खुराड्यावरूनच जायची. आत्याला एवढं पुरलं. तिनं शिवणाचा खडू कुटून खुराड्याच्या दाराशी पसरला. सकाळी त्यावर पावलं उमटली होती मांजराची आणि तिची स्वतःची. मग आलं कुलूप. किल्ली कमरेला. तरी अंडं नाही, म्हणून आता दुसऱ्या किल्लीची गोष्ट.

"मग कोंबड्यांनाच विचारा ना!" वहिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"विचारणारच आहे. रविवारी चिकनवाला येतोय. कबरीला कापून बघायचं. पोटात अंडी निघाली, तर चोर घरातला."

वहिनीच्या हातातला डबा तसाच राहिला. ठिपक्याठिपक्यांची कबरी तिनं पिल्लू असल्यापासून वाढवली होती. दाण्यांसाठी ती फक्त वहिनीच्या हातावर चोच मारायची.

"कबरीच का?"

"तुझी आहे म्हणून. ती खोटं बोलणार नाही."

"ठीक आहे. कबरीला सुरी लागली की मी या घरात नाही."

शनिवारभर दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलल्या. "तिला विचार, चहा घेणार का." "त्यांना सांग, नको." मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून निरोप्याचं काम करत होते. हसू येत होतं, पण हसायची छाती नव्हती, कारण वहिनीची बॅग पलंगावर उघडी होती.

अंधार पडला. आत्या शाल गुंडाळून खुराड्यासमोर स्टुलावर पहाऱ्याला बसली. आत कोंबड्या दांडीवर अंग फुगवून गप्प. बॅगेचा पट्टा तुटलेला होता, म्हणून वहिनी मागच्या खोलीत गेली आणि मशीनवरचा दिवा लावला. कितीतरी आठवड्यांनी त्या खिडकीतून उजेड बाहेर पडला, थेट जाळीवर.

खर्रर्र, मशीन चाललं. आणि कुक्, कुक्. एक कोंबडी दांडीवरून उतरली. मग दुसरी. कबरीनं मान झटकली, खाली उडी घेतली आणि सकाळ झाल्यासारखी दाणे टिपायला लागली.

आत्या स्टुलावरून अर्धवट उठली. खिडकीकडे बघितलं, कोंबड्यांकडे बघितलं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही. गप्प बस."

जेवणं झाली. वहिनीची बॅग दारापाशी आली.

सकाळी चिकनवाला सुरी घेऊन हजर. "कोणती?"

"थांब जरा. आधी बघ," आत्या म्हणाली.

त्यानं कबरीला काखेत धरलं आणि शेपटीखालच्या हाडांत बोट घातलं. "अंड्यावरच्या कोंबडीला इथं तीन बोटं बसतात. हिला एकसुद्धा नीट बसेना. तुरा बघा, फिका पडलाय. पिसंही बदलतेय. ही बंद आहे. कापून काय मिळणार?"

"पण दरवर्षी तर..."

"दिवस लहान झाला की कोंबडी थांबतेच. उजेड हेच तिचं घड्याळ. तुम्ही रात्री दहापर्यंत दिवा लावून शिवायचात, त्यांना वाटायचं अजून उन्हाळाच आहे. हाताचा गुण कसला, बल्बचा म्हणा!"

एरवी आत्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. आज ऐकून घेतलं. "कालच दिसलं मला," ती हळूच म्हणाली.

"कालच?" दारातून वहिनी म्हणाली. "आणि रात्रभर मला बॅग भरू दिलीत?"

चिकनवाल्यानं कबरीला खाली सोडलं आणि सुरी पिशवीत टाकून काढता पाय घेतला.

आत्या बॅगेपाशी गेली. नव्या डोळ्यांनी पट्ट्यावरची शिलाई निरखली, अंगठ्यानं ओढून पाहिली.

"असा शिवतात पट्टा? कच्चा आहे. वाटेत तुटेल. उसव तो."

"उसवते," वहिनी जागची हलली नाही. "आधी कुलूप काढा."

आत्यानं कमरेची किल्ली सोडली आणि तिच्यासमोर धरली. वहिनीनं ती बराच वेळ घेतली नाही. मग घेतली.