खिळ्यानं खरवडलेलं नाव

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तिला माझं सगळं ठाऊक — माझा तापट स्वभाव, माझ्या थापा, सगळं — पण हे नाही. आज तुम्हाला सांगतोय. आणि गंमत बघा, सांगायचं ठरवलं तेव्हापासूनच छाती मोकळी झालीय. सकाळी एक भाकरी जास्त गेली.

मी इथल्या एका वाचनालयात कारकून होतो. आमच्या महाराजांच्या राज्यात गाण्याला तोटा नाही, पण गवयाची बैठक सगळ्यांच्या वाट्याला थोडीच येते? वाचनालयाला कुणीतरी फोनो दिला, सोबत तबकड्यांची पेटी. दर गुरुवारी संध्याकाळी अंगणात फोनो लागायचा. लोकांना हवी नाटकातली पदं. मी मात्र पेटीच्या तळातलं काढायचो, कुणी ढुंकूनही न बघितलेलं. सनईवर वाजवलेली लावणी. नुसतं संबळ. फळ्यावर खडूनं लिहायचो, ‘हे ऐकाच’. लोक आधी नाक मुरडायचे आणि पुढच्या गुरुवारी तेच मागायचे. धाडसी कानाचा माणूस म्हणून माझं नाव झालं. धाडसी — आता काय बोलावं?

त्याच पेटीत हलिमाबाईची तबकडी होती. ही आपल्या कोल्हापुरातलीच, खोगिरं शिवणाऱ्याची मुलगी, बैठकीत गाणारी. जात्यावरची साधी ओवी, पण तिनं ती ख्यालासारखी गायलेली. मागं सारंगी. असं धाडस मी तरी दुसरं ऐकलेलं नाही. पहिल्यांदा ऐकली तेव्हा चावी द्यायचं विसरून बसलो होतो.

तुम्हाला माहीत असेलच, तबकडीत गाणं संपलं की गाणारा मोठ्यानं आपलं नाव सांगतो. तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेब लोकांना मागाहून कळावं, तबकडी कुणाची, म्हणून. तर ही ओवी संपता संपता आमचे अध्यक्ष, मोठे वकील, पुढच्या खुर्चीवर डोळे पुसत होते. म्हणाले, किती सोज्वळ आवाज, कुठल्या घरंदाज घरातल्या म्हणायच्या या? आणि मी — मी सुई उचलली. नाव यायच्या आत. म्हणालो, व्हय साहेब, घरंदाजच, पण नाव सांगत न्हाईत.

का? बैठकीतली बाई, त्यात मुसलमानाची, हे कळलं असतं तर वकीलसाहेब उठून गेले असते का? कुणास ठाऊक. मी विचारूनच बघितलं नाही. तबकडीवरचा कागद इंग्रजीत, आणि पेटीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही हा नियम माझाच. मग दर गुरुवारी फर्माईश यायला लागली, ‘त्या बाईंची ओवी लावा’. दर गुरुवारी मी सुई उचलायचो. हात सरावला.

एवढंच असतं तर कदाचित मी आजही गप्प बसलो असतो. पण एका गुरुवारी दुपारी हलिमाबाई स्वतः आली. तिच्याकडं फोनो नव्हता, आपली तबकडी तिनं एकदाही ऐकलेली नव्हती. म्हणाली, संध्याकाळी आईला घेऊन येते, आम्ही फाटकाबाहेर हुबं राहतो. म्हातारीला लेकीचं नाव यंत्रातनं ऐकायचं होतं. गाणं तर ती रोजच ऐकत होती की, नाव ऐकायला येणार होती.

ती गेली. नाव वाजू दिलं तर वकीलसाहेबांना कळणार, सुई उचलली तर हिला. मी कपाट उघडलं आणि — कसं सांगू — भिंतीतला कॅलेंडरचा खिळा उपटला. तबकडीच्या शेवटच्या रेघा, कागदाजवळच्या, त्या खरवडल्या. चांगल्या दाबून. एकही ओरखडा गाण्यावर जाऊ दिला नाही. इतकी काळजी घेतली, बघा.

संध्याकाळी त्या दिवशी मी सुई उचलली नाही. ओवी संपली, आणि मग नुसती खरखर. वकीलसाहेबांनी मान डोलावली. फाटकाबाहेर म्हातारी कान पुढं करून उभी होती, अजून काहीतरी येईल म्हणून. लोक पांगल्यावर हलिमाबाई माझ्याजवळ आली.

“मास्तर, नाव आलं न्हाय की.”

“कंपनीकडनंच तशी आलीया,” मी म्हणालो.

“न्हाय, माझंच चुकलं असंल. कंपनीचा साहेब जोरात बोल म्हणत हुता. मीच लाजले असंन.”

मी काय केलं? मान हलवली. असेल, म्हणालो.

पुढं मुंबईहून कंपनीचं तिला पुन्हा बोलावणं आलं. ती गेली नाही. लोकांना सांगायची, मला गाता येतं, पण नाव सांगताना माझा आवाज बसतो. तिची दुसरी तबकडी निघाली नाही. म्हातारी गेली आणि गेल्या वर्षी तीही गेली.

काल मी वाचनालयात गेलो. तबकडीच्या पाकिटावर मराठीत लिहिलं : हलिमाबाई, कोल्हापूर. खाली लिहिलं, गाण्याच्या शेवटी सांगितलेलं नाव मी खिळ्यानं खरवडलं, आणि माझी सही केली. फळ्यावरही तेच लिहिलं. आता जो वाचेल तो वाचेल, मला जे म्हणायचं ते म्हणेल. मला खरंच हलकं वाटतंय, खोटं कशाला बोलू?

ती मात्र गेली, ती आपणच लाजलो असं समजून.