मागून येणारी ओळ

तारीख अठरा जानेवारी, रविवार, संध्याकाळचे सात. जागा : अकोल्यात जठारपेठेतलं आमचं घर, पुढची खोली. हजर : मी, आमचे हे, आई, माझी धाकटी बहीण, आणि तिच्या गायन पार्टीतल्या दोघी, म्हणजे पेटीवाल्या काकू आणि ढोलकीवाली. या तिघी दुपारच्या बसने अमरावतीहून आल्या होत्या. पार्टीतल्या बाकी पाच जणी आपापल्या घरी टीव्हीसमोर बसणार होत्या.

बहीण चांदूर बाजारच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, राहते अमरावतीला. विहारातल्या बायांच्या गायन पार्टीत पंधरा वर्षं ती पुढे बसून गाते आणि सात जणी मागे बसून कोरस धरतात. नामकरण, मंगल परिणय, पावसाळ्यातला वर्षावास, आणि सगळ्यांत मोठा कार्यक्रम एप्रिलातल्या जयंतीचा.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत यंदा वयाची अट काढली, तेव्हा तिचा फॉर्म मीच भरला. फॉर्म, अर्ज, दाखले, रेशनकार्डावरच्या दुरुस्त्या ही आमच्या घरात माझी कामं. एकटीचाच आवाज घेतात, पार्टीला जाता येणार नाही, असं मी सगळ्यांना कळवलं. पहिली फेरी अमरावतीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. तिथे ती सिनेमातल्या गाण्याच्या दोन ओळी गाऊन निवडली गेली. पुढची, टीव्हीवर दाखवायची फेरी नोव्हेंबरात मुंबईला झाली. तिथून आल्यापासून तिने निकालाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, कारण प्रसारण होईपर्यंत काही बोलणार नाही अशा कागदावर तिची सही होती.

निवड झालेल्यांना मार्चपासून मुंबईतच ठेवून घेणार होते. काकूंनी तिला सरळ विचारलं होतं, "एप्रिलात तू आमच्यात हायेस का नाई, तेवढं सांग. बाकी आमाले काही नाई पायजे."

"अठरा तारखेले कळन, काकू," ती म्हणाली होती.

काकूंनीच तिला गाणं शिकवलं. पण हे उत्तर ऐकल्यापासून त्या तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

मी पहिल्या भागापासून या कार्यक्रमाची वही ठेवली आहे. गाव, गाणं, आत येताना काय केलं, निकाल. आमचे हे म्हणतात, "ऑफिसची हजेरी पुरली नाही, आता टीव्हीवाल्यांचीही घे." पण मला खरंच प्रश्न पडतात. पहिल्यांदा आलेला माणूस जमिनीला हात लावून आत येतो आणि दुसऱ्यांदा आलेला आधी पाणी मागतो, असं का? बाहेर थांबलेल्या आया दाराला कान लावतात, बाप मात्र दारापासून लांब उभे राहतात. आवाज लागत नसला की माणसं डोळे मिटतात आणि चांगला लागला तरी मिटतात, मग परीक्षकांना फरक कसा कळतो? एक गोष्ट मात्र आठ भागांत एकदाही चुकली नव्हती. गाण्याआधी घर दाखवलं, चूल, आई, सायकल दाखवली, की निवड होते. घर न दाखवता थेट दारातून आत आणलं, की होत नाही.

बहिणीच्या घरी चित्रीकरणाला कोणी आलं नव्हतं. हे मी वहीत लिहिलं होतं, बोलले नव्हते. आठ भागांवरून नियम ठरत नाही.

"आता तं सांग. पाच मिन्टं राहिली," आई म्हणाली.

"सही केली ना मी, आई."

"माया पोटातून निघाली आन् मलेच सांगून नाई राहिली. सही मायजवळ चालते का?"

निकाल सोडून बाकी सगळं सांगायला तिची हरकत नव्हती, म्हणून मी विचारत बसले. छातीला नंबर चिकटवून सकाळी आठ ते दुपारी चार बसवलं. जिन्यात, संडासाच्या बोळात, जिथे भिंत सापडेल तिथे माणसं भिंतीकडे तोंड करून गात होती. कॅमेऱ्यासाठी तिला दारातून तीनदा आत यायला लावलं.

"तीनदा? मग पाया कितीदा पडलीस?" मी विचारलं.

"तिनोदा. शेवटच्या बारीले तर कंबर धरली."

ढोलकीवाली हसली. काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी शेंगदाण्यांची ताटली बहिणीकडे सरकवली.

कार्यक्रम सुरू झाला. तिची पाळी तिसरी आली. घर दाखवलं नाही. दार उघडलं आणि बहीण आत आली. अंगावर पांढरी साडी, निळे काठ. पार्टीची गणवेशाची साडी.

"हे साडी नेसून गेली होतीस?" काकूंनी विचारलं.

"मंग कोणती नेसू?"

काकूंनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे घेतली.

जयंतीला गाते तेच गाणं तिने धरलं होतं. आवाज पहिल्याच शब्दाला लागला. एका परीक्षकाने पेन खाली ठेवलं, ते मी टिपून घेतलं. ओळ वर चढवत नेली, उजवा हात उचलला, आणि अर्ध्या ओळीवर ती थांबली.

आमच्याकडे तसंच गातात. पुढची बाई अर्धी ओळ सोडते आणि मागच्या उरलेली अर्धी उचलतात. तेवढ्यात पुढची श्वास घेते. पंधरा वर्षं तिने तो श्वास तिथेच घेतला आहे.

टीव्हीवर शांतता झाली. आणि आमच्या खोलीत काकूंनी आणि ढोलकीवालीने ती अर्धी ओळ उचलली, मंडपात बसल्यासारखी, पूर्ण आवाजात. ठरवून नव्हे. काकूंच्या तोंडात शेंगदाणे होते.

टीव्हीवरच्या बहिणीने मान वळवून मागे पाहिलं. मागे दिव्यांची भिंत होती. हसू यावं म्हणून भांडं पडल्याचा आवाज टीव्हीवाल्यांनी वरून जोडला होता.

"विसरलात का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर. पुढचं मागून येतं."

"मागे कोण आहे?"

तिने पुन्हा वळून पाहिलं. "इथं कोणी नाही."

परीक्षक हसले. तीही हसली. त्यांनी पुन्हा गायला सांगितलं. पुन्हा तशीच ओळ चढली, आणि त्याच जागी पुन्हा थांबली. या वेळी अगदी क्षणभर. मग घाईने उरलेली ओळ तिने म्हटली, पण श्वास पुरला नाही आणि शेवटचा शब्द तुटला.

"आवाज फार मोठा आहे," पेन ठेवलेले परीक्षक म्हणाले. "पण तुम्हाला अजून एकटं गाता येत नाही."

तिघांचाही नकार. मी घड्याळ लावलं होतं. सगळं मिळून तीन मिनिटंसुद्धा नाही.

जाहिराती लागल्या.

"दात काढाले काय झालं त्याहीले?" काकू म्हणाल्या.

"पण टीव्हीत गोरी दिसली," आई म्हणाली.

बहीण काकूंकडे वळली. "एप्रिल मोकळा हाये, काकू."

"थे दिसलं मले."

"पण मी पुढं नाई बसत. मागं बसतो."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"काहून?" काकूंनी विचारलं.

"त्या दिवसापासून ओळ सोडाले भेव वाटते. हात उचलला का वाटते, मागं कोणीच नाई. दोन महिन्यांपासून घरी म्हणून पाहून राहिली. सगळी ओळ मीच म्हणून टाकतो. थांबताच येत नाई."

"आमी मेलो का मागं?" काकूंचा आवाज चढला. "पंधरा वर्सं मागं कोन होतं, भिंत होती का?"

"तुमी होत्या. तिथं नोयत्या ना."

ढोलकीवाली म्हणाली, "आमी असतो तं त्या पेनवाल्याले टाळी धराले लावली असती." बहीण हसली, पण नुसतं तोंडाने.

जाहिराती संपल्या म्हणून आमच्या ह्यांनी आवाज परत लावला. आधी अंगण आणि चूल दाखवली, मग दार उघडलं आणि चार जणी आत आल्या. चौघी बहिणी, एकसारख्या हिरव्या साड्या. एक पुढे उभी राहिली, तिघी मागे. पुढचीने ओळ सोडली, मागच्यांनी उचलली. परीक्षक उठून उभे राहिले.

काकूंनी पडद्याकडे बोट केलं. "ह्या चौघी कशा काय? गट तं घेत नाईत ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही माझ्याजवळ, फॉर्म मी भरलेला.

"पाहावं लागेल," मी म्हणाले.

"नियम बदलला असेल मधे," आमचे हे म्हणाले, आणि विषय चहावर गेला.

नियम बदलला नव्हता. फॉर्मवर दोन चौकोन होते, एकल आणि समूह. समूहावर बोट ठेवलं की प्रत्येकीचा फोटो आणि आधार कार्ड मागत होता. शेवटची तारीख त्याच दिवशीची होती. आठ जणी, त्यांतल्या दोघींच्या आधारवर अजून माहेरचं नाव, एकीचा मोबाइल बंद, आणि मला चार वाजता ऑफिसात बैठक. मी एकलवर खूण केली आणि काम संपवलं. नंतर सगळ्यांना सांगायला एक वाक्य हवं होतं, ते सोपं सांगितलं. कोणाचं नुकसान होतंय असं तेव्हा वाटलं नाही. जिचा आवाज चांगला, तिचा फॉर्म गेला, एवढंच दिसलं.

आता बहिणीला वाटतं, आपल्याला गाता येत नाही हे तीन मोठ्या माणसांनी ओळखलं. काकूंना वाटतं, ही आम्हाला सोडून गेली आणि तिथे हसं करून घेऊन आली. दोघींना जे माहीत नाही ते एका चौकोनाएवढं आहे आणि ते फक्त मला माहीत आहे.

सोमवारी सकाळच्या बसने तिघी परत गेल्या. गुरुवारी संध्याकाळी विहारात तालीम आहे. बहीण पुढे बसणार की मागे, हे तिने सांगितलं नाही. काकूंनीही परत विचारलं नाही.

आज बुधवार. यादीतली कामं : आईची बीपीची गोळी, आणली. गॅसचा नंबर, लावला. कार्यालयातली सेवापुस्तकं, सात तपासून झाली. काकूंना आणि बहिणीला फोन करून चौकोनाचं सांगणे, त्यापुढे अजून खूण नाही.