चारच्या वर मोजायचं नाही

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मेथी निवडली. दुपारची वेळ. ती बाजेवर उशीला टेकून, मी खाली पोत्यावर. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यानं 'घरी न्या' म्हणून तिला परत पाठवल्याला तीन हप्ते झाले होते. हातात बळ नव्हतं, पण नजर तशीच तिखट.

"डेखं, काड्या काहून टाकून राहिले पानात? बैलाला घालायचीय का भाजी?"

"तू रोज बैलच म्हणतीस मला. मग बैलावानीच निवडणार."

ती हसली, आणि हसता हसता पोट धरून वाकली. दिवस बुडायच्या आत गेली.

आता मी जे लिहून राहिलो ते आमच्या गावात कोणी लिहीत नाही. बाईच्या पाळीबद्दल पुरुषानं बोलू नये म्हणतात. न बोलून काय होतं ते मी बघितलं, म्हणून लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर चुकलं.

आमच्या घरात पाळी आली की बाई चार दिवस बाजूला बसायची. चुलीला, पाण्याच्या माठाला, हळदीच्या बेण्याला हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाली की घरात. बाकीच्या बायका या चार दिवसांना वैतागायच्या. माझ्या बायकोनं त्याच्यावर अख्खा महिना बसवला होता.

"बसायचंच हाय तर फुकट काहून बसू?" म्हणायची.

एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत ती आपलं एक काम ठरवायची आणि ते तडीस न्यायचीच. बसायच्या चार दिवसांत वाकळ शिवणं. न्हाल्यावर दहा-बारा दिवस अंगात दम असायचा, तेव्हा हळदीची काढणी, सारवण, पापड, जे जड असेल ते. शेवटच्या आठवड्यात तिचं डोकं फिरायचं. त्याचंही ठरलेलं होतं. "ह्या आठ दिसांत मला काही इचारू नका, अन् तुमच्या बहिणीला घरी बोलावू नका."

सही शिकली तीही अशीच. नव्वद सालाच्या पुढं गावात मोठ्या माणसांचे शिकायचे वर्ग निघाले. पण संध्याकाळी वर्गाला जायला तिला सवड कुठली? आमची पोरगी तेव्हा तिसरीला होती. आई कोपऱ्यात आणि पोरगी लांबून पाटीवर अक्षर काढून दाखवायची. एका पाळीला एक अक्षर. नावात एक जोडाक्षर होतं, त्याला तीन पाळ्या गेल्या. "नाव ठेवताना माह्या बापानं इचार करायला पायजे व्हता," म्हणायची.

तारखा माझ्याकडं. भिंतीवर दुकानदारानं दिलेलं कॅलेंडर होतं. ती सांगायची, मी पेन्सिलीनं फुली मारायचो. चार दिवस, चार फुल्या. पुढची पाळी कधी ते मी मोजून सांगायचो, त्याच्यावर ती काम ठरवायची. पारावरची माणसं हसायची, "काय हो, बायकोचं पंचांग काढून राहिले काय?"

मी म्हणायचो, "तुमची बायको कवा भांडंल ते तुमाला ठावं हाय का? मला तारखेसकट ठावं हाय."

असं बरं चाललं होतं. पोरीचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षापासून बिघडलं. पाचव्या दिवशी न्हाली तरी सहाव्या दिवशी परत फडकी घ्यावी लागायची. सात दिवस, आठ दिवस, कधी दहा. इतके दिवस बाजूला बसली तर चूल कोण पेटवणार? माझ्या म्हाताऱ्या आईला दिसत नव्हतं. त्यात हळद शिजवायचे दिवस, शेतात कढई चढलेली. मीच म्हणलो, "चारच्या वर मोजायचं न्हाई. पाचव्या दिशी न्हायचं अन् सुटायचं. देव काही बघाया येत न्हाई."

तिलाही ते पटलं. तिचं ठरलेलं काम मोडत नव्हतं. त्या साली तिनं मनात धरलं होतं की शिलाई मशीन शिकायची आणि दिवाळीला स्वतः शिवलेलं पोलकं घालायचं. अंगावरून जात होतं आणि ती कढईपाशी उभी राहून हळद हलवत होती. कॅलेंडरवर मी फुल्या चारच मारल्या. बाजूला बसायचं ते चार दिवस, म्हणून रक्तही आम्ही चारच दिवसांचं धरलं. अशी अक्कल आमची.

तोंड पांढरं पडलं, चालताना दम लागायला लागला, तेव्हा तिला जीपनं वसमतला नेलं. कॅलेंडर गुंडाळून काखेत घेतलं होतं. मला वाटलं, डॉक्टरीण खूश होईल, एवढं लिहून ठेवणारा माणूस कुठं भेटतो.

डॉक्टरीण बायकोला म्हणाली, "ताई, अंगावरून किती दिवस जातं?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावर कॅलेंडर पसरलं. "हे बघा. चार. दर महिन्याला बराबर चार."

डॉक्टरणीनं पानं उलटून बघितली. "मग पाळी तर नियमित आहे. रक्त कमी आहे. या गोळ्या घ्या, बरं नाही वाटलं तर परत या."

बायकोनं गोळ्यांची पुडी पदराला बांधली. येताना जीपमध्ये मी विचारलं, "काहून बोलली न्हाईस?"

"तुमी कागद पसरून बसले व्हते. चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडू का?"

तेव्हा गाडी थांबवून मागं फिरायचं होतं. फिरलो नाही. मला बरंच वाटलं की काही निघालं नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर दीड वर्ष ती गोळ्या खात राहिली आणि फुल्या चारच राहिल्या.

नांदेडला गेलो तेव्हा गर्भाच्या पिशवीच्या तोंडाची गाठ हाताबाहेर गेलेली. तिथला डॉक्टर म्हणाला, "इतके दिवस काय करत होता?" तिथल्या कागदावर बायकोनं सही केली. जोडाक्षरापाशी थांबली, मग बराबर काढलं. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो.

ती गेली तेव्हा पोरगी आलेली होती, सासरहून, दोन दिवस आधीच. पण आईजवळ नव्हती. पाळी आलेली, म्हणून गोठ्याच्या बाजूला बसलेली. बायकांनी आईला आंघोळ घातली ती तिनं तिथूनच बघितली. "मला एकदा हात लावू द्या वो," म्हणून वरडत होती. कोणी लावू दिला नाही. मीसुद्धा काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडही न धुता मी गोठ्याकडं गेलो. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे. हे ओठ मी आधी बघितले होते.

"कितवा दिवस?" मी म्हणलो.

बापानं असं विचारल्यावर ती लाजून खाली बघायला लागली. "आज चौथा. उद्या न्हायचंय."

"मला न्हायचं सांगू नको. मागल्या महिन्याला रक्त किती दिवस गेलं?"

ती रडायला लागली. "बाबा, जाऊ द्या ना. लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे लोकाला. किती?"

"नऊ."

मी तिचा दंड धरून तिला उठवलं. माझी भावजय आडवी आली. "भावजी, शिवले की तिला! अन् राख सावडायची बाकी हाय. आज घर सोडून कुठं निघाले?"

"राख कुठं जात न्हाई," म्हणलो आणि पोरीला तशीच रस्त्यावर नेली.

जीपवाला आमच्याच गावचा. त्यानं आम्हा दोघांकडं बघितलं. "काका, सुतक हाय ना तुमाला?"

मी पोरीला पुढच्या सीटवर बसवलं, तिच्याजवळ बसलो आणि म्हणलो, "दवाखान्याला गाडी हाण."