शेवंताबाईंच्या गोळ्या

डिलाईल रोडच्या चाळीत शेवंताबाईंनी गिरण्या चालू होत्या तोवर खानावळ चालवली. रोज शंभर भाकऱ्या थापल्या, पण सून अक्षताने त्यांना कधी कण्हताना ऐकलं नव्हतं. सत्तरीत मणका दबला, तेव्हा मात्र त्या रडल्या. डॉक्टरांनी अफूच्या जातीचं औषध आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली.

"सकाळी एक, रात्री एक. जास्त नको. झोपेचं काही घेता का?"

शेवंताबाईंनी नाही म्हटलं. रोजची झोपेची गोळी त्यांना औषध वाटतच नव्हती.

चार दिवस बरे गेले. मग त्या भर दिवसा पेंगू लागल्या, बोलताना जीभ जड व्हायची. अक्षताला वाटलं, थकल्यात, झोपू दे.

रविवारी दुपारी ती चहा घेऊन गेली. सासूबाई घोरत होत्या, पण एक श्वास झाला की दुसरा लवकर येतच नव्हता. ओठ निळसर पडले होते. "आई! ओ आई!" गदागदा हलवूनही डोळे उघडेनात. उशाशी कालच उघडलेली गोळ्यांची अख्खी पट्टी रिकामी होती.

हॉस्पिटलात उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या.

"दुखत होतं गं, म्हणून दर दोन तासांनी दोन-दोन घेतल्या. वर रोजची झोपेची होतीच," त्या पुटपुटल्या.

डॉक्टरांनी अक्षताला बाजूला घेतलं. "श्वास सांभाळला. पण इतक्या पॅरासिटामॉलने लिव्हरला किती इजा झालीय, ते दोन-तीन दिवसांत कळेल."

तिसऱ्या सकाळी अक्षताने त्यांचा चेहरा पुसायला घेतला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता.